मानमोडीचा माग: रकाना नसलेल्या रोगाची मोजणी आणि नकाशावरचे कोरे कोल्हापूर

#धागा #इतिहास #कोल्हापूर

१/ १९१८च्या पावसाळ्याअखेरीस मुंबई इलाख्यात जी साथ उसळली तिला मराठी मुलखाने ‘मानमोडी’ म्हटले. सरकारी कागदांत तिचे नाव ‘इन्फ्लुएंझा’ असे होते. गावच्या मृत्युनोंदीच्या छापील रकान्यांत मात्र या दोहोंपैकी एकही नाव नव्हते. ज्या रोगाला रकानाच नव्हता त्याचा माग प्रशासनाने कसा काढला? आणि त्या मोजणीत कोल्हापूर संस्थान कोठे होते? या धाग्याचा विषय हाच आहे.

२/ प्रथम त्या काळची यंत्रणा समजून घेऊ. इलाख्याच्या ब्रिटिश जिल्ह्यांत जन्म-मृत्यूची नोंद गावकामगारांकडे, म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांकडे असे. गावात कोणी वारले की ते वहीत उतरवायचे. गावाचा आकडा तालुक्याला, तालुक्याचा जिल्ह्याला आणि जिल्ह्यांचे आकडे इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरकडे जात. मुंबईला पोहोचणाऱ्या प्रत्येक बेरजेचा पाया अखेर एका गावच्या वहीतील एका ओळीवर उभा होता.

३/ मृत्यूची कारणे ठरावीक होती: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-आमांश, श्वसनाचे विकार, इजा आणि ‘इतर’. पटकी, देवी वा प्लेग ओळखण्यास वैद्यकीय पदवी लागत नसे; गावालाही त्यांची लक्षणे अनुभवाने ठाऊक झाली होती. उरलेले बहुतेक सारे ‘ताप’ या एका शब्दात जमा होई. हिवताप, विषमज्वर, बाळंतज्वर, न्यूमोनिया, सगळ्यांचा मुक्काम त्याच रकान्यात. १९१८मध्ये मानमोडीही तेथेच गेली.

४/ दोष केवळ पाटलाचा नव्हता. हा रोग कशाने होतो हे तेव्हा जगात कोणालाच नेमके माहीत नव्हते. जर्मन संशोधक रिचर्ड फायफर यांनी १८९२मध्ये वर्णिलेल्या एका जिवाणूवर सर्वांचा संशय होता. मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू लंडनच्या प्रयोगशाळेत वेगळा केला गेला तो १९३३मध्ये, म्हणजे साथ ओसरून चौदा वर्षे लोटल्यावर. १९१८च्या डॉक्टरपाशी लक्षणे होती, खात्री करून देणारी चाचणी नव्हती.

५/ आता साथीकडे वळू. जून १९१८मध्ये मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एक गोदीवर नेमणुकीस होता. महायुद्धाचे ते अखेरचे वर्ष. सैन्याची ने-आण करणाऱ्या बोटींनी बंदर गजबजलेले होते. शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांचे मत असे की, रोग बोटीतून गोदीत आणि गोदीतून शहरात शिरला. जून-जुलैची ही पहिली लाट बहुतेकांना आठवडाभर अंथरुणाला खिळवून ओसरली.

६/ दुसरी लाट सप्टेंबरात आली आणि तिने निराळेच रूप दाखवले. ताप, पाठोपाठ न्यूमोनिया आणि काही दिवसांत मृत्यू. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. एरवी फ्ल्यू बालकांना आणि वृद्धांना गाठतो. या लाटेने मात्र वीस ते चाळीस या वयोगटातील धडधाकट माणसे नेली आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या.

७/ मुंबईला हा ७६८चा आकडा त्याच दिवशी ठाऊक होऊ शकला, कारण शहरात महानगरपालिकेची दैनंदिन मृत्युनोंद होती. प्लेगच्या दोन दशकांनी तिला ती सवय लावली होती. घाटापलीकडच्या खेड्यात तसे नव्हते. तेथील आकडा कचेरीत पोहोचेपर्यंत साथ पुढच्या तालुक्यात गेलेली असे. शिवाय नोंद ठेवणारी माणसेही आजारी पडत होती. मृत्यू सर्वाधिक असलेल्या आठवड्यांतच वही सर्वांत अपुरी राहिली.

८/ मग ‘इन्फ्लुएंझाचे मृत्यू’ हा आकडा आला कोठून? तो वजाबाकीतून आला. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यात दरवर्षी ऑक्टोबरात साधारण २०० मृत्यू होतात आणि १९१८च्या ऑक्टोबरात ते १,४०० झाले. वहीत इन्फ्लुएंझा हा शब्द एकदाही नाही. तरीही नेहमीपेक्षा १,२०० माणसे अधिक मेली, एवढे वही निर्विवाद सांगते. त्या महिन्यात दुसरे कोणतेही नवे संकट नसेल, तर ही वाढ साथीच्या खात्यावर जाते.

९/ ही युक्ती हिंदुस्थानात जन्मलेली नव्हे. १८४७च्या फ्ल्यूच्या वेळी लंडनमध्ये विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने हाच विचार मांडला होता. फ्ल्यू म्हणून नोंदलेले मृत्यू थोडे असले तरी एकूण मृत्यू नेहमीची पातळी ओलांडून किती वर गेले ते पाहा, साथीचा खरा आकार तेथे दिसेल. आज याला ‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणतात. कोविडच्या काळात आपण सर्वांनी हा शब्द ऐकला. त्यामागचा विचार पावणेदोन शतके जुना आहे.

१०/ वजाबाकी सोपी दिसते. अडचण ‘नेहमीचे’ म्हणजे काय हे ठरवण्यात असते. १९१८च्या आधीची वर्षे तरी कुठे शांत होती? इलाख्यात प्लेगचे फेरे चालू होते. त्यातच १९१८चा पाऊस दगा देऊन गेला. १८७७ आणि १८९९ या अवर्षणांच्या पंक्तीत ते वर्ष बसते. पीक बुडाले, युद्धामुळे आधीच चढलेले धान्याचे भाव आणखी कडाडले. उपाशी शरीरावर पडलेला फ्ल्यूचा घाला आणि उपासमारीचा घाला यांची फोड कोणत्या वहीने करावी?

११/ म्हणूनच एकाच साथीचे आकडे वेगवेगळे निघाले. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांच्या प्राथमिक अंदाजानुसार देशभरात सुमारे ६० लाख मृत्यू झाले: ब्रिटिश मुलखात ५० लाख आणि संस्थानांत १० लाख. १९२१च्या खानेसुमारीनंतर हा अंदाज १ कोटी २० लाखांच्या पुढे गेला. १९८६मध्ये आय. डी. मिल्स या अभ्यासकाने मुंबई इलाख्याच्या नोंदी नव्याने तपासल्या आणि देशासाठी १ कोटी ७० ते १ कोटी ८० लाख असा आकडा मांडला.

१२/ ६० लाख ते पावणेदोन कोटी! मेलेली माणसे तीच, बदलली ती मोजण्याची रीत. नोंदीतून किती मृत्यू सुटले असतील, तुलनेसाठी कोणती वर्षे धरावीत, जिथे नोंदच नाही तेथे काय गृहीत धरावे, या तीन प्रश्नांची उत्तरे बदलली की आकडा बदलतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. कोणताही मोठा आकडा समोर आला की तो ‘किती’ आहे यासोबत तो ‘कसा’ काढला हेही विचारले पाहिजे.

१३/ या नोंदींतून साथीची वाटही दिसते. दुसरी लाट आधी मुंबई इलाख्यात शिगेला पोहोचली, मग ती उत्तरेला आणि पूर्वेला सरकत वर्षअखेरीकडे बंगालपर्यंत गेली. पूर्वेकडे जाताना तिची तीव्रता कमी झाली. म्हणजे पहिला आणि सर्वांत कठोर तडाखा बसला तो आपल्या पश्चिम भागाला. रेल्वे, टपाल, घरी परतणारे सैनिक आणि गिरणगावातून गावाकडे निघालेले कामगार: माणसे ज्या वाटांनी गेली, त्याच वाटांनी रोग गेला.

१४/ आता नकाशा कोल्हापुरापाशी आणू. उत्तरेस सातारा, पश्चिमेस रत्नागिरी, दक्षिणेस व पूर्वेस बेळगाव हे तिन्ही ब्रिटिश जिल्हे. त्यांच्यामध्ये कोल्हापूर संस्थान आणि आसपास विखुरलेली सांगली, मिरज, कुरुंदवाड यांसारखी दक्षिणी मराठा संस्थाने. १८९१पासून कोल्हापूर रेल्वेने मिरजेशी, आणि मिरजेहून पुणे व बेळगाव या दोन्ही दिशांशी जोडलेले होते. साथीला संस्थानाची हद्द ठाऊक नव्हती.

१५/ मोजणीला मात्र ती हद्द पक्की ठाऊक होती. सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक तक्त्यांत ब्रिटिश जिल्हे असत, संस्थाने नसत. त्यामुळे इलाख्याच्या साथीचा नकाशा त्या तक्त्यांवरून काढला, तर सातारा रंगतो, बेळगाव रंगते, रत्नागिरी रंगते आणि मधोमध कोल्हापूर कोरे राहते. नकाशावर कोरे म्हणजे साथ आली नाही असे नव्हे. व्हाइट यांच्या अंदाजातील ‘संस्थानांत १० लाख’ हा गोल आकडा देशभरातील अशाच कोऱ्या जागांवर टाकलेली चादर होय.

१६/ योगायोग पाहा. याच १९१८मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातील कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमण्याचे पाऊल उचलले. गावची लेखणी पिढीजात हातांतून काढून नेमलेल्या नोकराच्या हाती देणारा हा निर्णय सामाजिक कारणांसाठी होता; साथीशी त्याचा संबंध नव्हता. पण गावाची वही कोण लिहितो हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे त्या वर्षाने दोन निरनिराळ्या अंगांनी दाखवून दिले.

१७/ मग कोल्हापूरचा हिशेब लावायचा कसा? येथे दुसरा, अधिक संथ साक्षीदार उपयोगी पडतो: दर दहा वर्षांची खानेसुमारी. ती संस्थानांतही होत असे. कोल्हापूर संस्थानची लोकसंख्या १९०१मध्ये सुमारे ९ लाख १० हजार होती. १९११मध्ये ती सुमारे ८ लाख ३३ हजारांवर उतरली. त्या दशकात प्लेगचे थैमान होते. १९२१मध्ये पुन्हा सुमारे ८ लाख ३३ हजार. आणि १९३१मध्ये सुमारे ९ लाख ५७ हजार.

१८/ मधली दोन वर्षे पुन्हा वाचा. १९११ आणि १९२१: दहा वर्षे उलटली आणि संस्थान होते तेथेच राहिले. दहा वर्षांत जन्मलेल्या मुलांनी जेवढी भर घातली, जवळजवळ तेवढीच माणसे मृत्यूने वा स्थलांतराने वजा झाली. पुढच्याच दशकात, मोठी साथ नसताना, लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास वाढली. १९११-२१च्या थबकण्याचे सारे श्रेय एकट्या मानमोडीला देता येणार नाही; प्लेग होता, अवर्षण होते. तरी तिची सावली या सपाट रेषेवर स्पष्ट पडलेली आहे.

१९/ हीच रेषा मोठ्या पटावरही दिसते. आजच्या महाराष्ट्राच्या सीमांत १९११मध्ये सुमारे २ कोटी १५ लाख लोक राहत. १९२१मध्ये ते सुमारे २ कोटी ८ लाख झाले, म्हणजे जवळपास तीन टक्के घट. आजच्या भारताच्या सीमांतही १९११-२१ या दशकात लोकसंख्या घटली. त्यानंतरच्या दशकांत तसे घडलेले नाही. म्हणूनच लोकसंख्याशास्त्राच्या पुस्तकांत १९२१ला ‘महाविभाजनाचे वर्ष’ म्हणतात.

२०/ बेरजा मोठ्या झाल्या की माणसे दिसेनाशी होतात. त्यावर उपाय आकड्यांची फोड करणे हाच. मुंबई शहराच्या नोंदींत मृत जाती-धर्मानुसार विभागलेले होते. दर हजारी इन्फ्लुएंझाचे मृत्यू असे: युरोपीय ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९ आणि अहवालाच्या भाषेत ‘खालच्या जातींचे हिंदू’ ६१.६. शहर एक, हवा एक, रोग एक. मृत्यूच्या दरात मात्र सातपटींहून अधिक अंतर. दाटीवाटीच्या खोल्या, अपुरे अन्न, औषधाविना काढलेला आजार आणि न चुकणारी मजुरी यांचे हे गणित.

२१/ मुंबईने फोड करून मोजले म्हणून हे अंतर आज पुराव्यासह सांगता येते. ज्या खेड्यांत सर्वांचे मृत्यू ‘ताप’ या एका शब्दाखाली गेले, तेथे हे अंतर नव्हते असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. मोजणी हे केवळ कारकुनी काम नसते. कोणाच्या मृत्यूला ओळ मिळाली, कोणाला रकाना मिळाला आणि कोण बेरजेत विरघळून गेले, यावर उद्याचा इतिहास आणि आजची मदत दोन्ही अवलंबून असतात.

२२/ आज चित्र किती बदलले? विषाणू ओळखता येतो. १९५२मध्ये पुण्यात सुरू झालेले विषाणू संशोधन केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे ‘एनआयव्ही’ झाले. इन्फ्लुएंझाचे नमुने तपासणारे ते देशातील प्रमुख केंद्र आहे. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्ल्यूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा रोगाचे नाव निश्चित होते. १९१८ आणि २००९ यांतील सर्वांत मोठा फरक हा.

२३/ नमुन्यांच्या सातत्याच्या तपासणीने आणखी एक गोष्ट उघड केली. ‘फ्ल्यू म्हणजे थंडीचा रोग’ ही समजूत युरोप-अमेरिकेची. श्रीनगरला फ्ल्यू हिवाळ्यात वाढतो खरा. पण पुण्यासह देशाच्या बहुतेक भागांत त्याचा मुख्य जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात दिसतो आणि चेन्नईत तो ईशान्य मोसमी पावसाबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे सरकतो. लस कोणत्या महिन्यात टोचावी हे यावर ठरते. आपल्या ऋतूंचे गणित आपल्याच नोंदींतून मांडावे लागते.

२४/ पण यंत्रणेचा सांगाडा ओळखीचा वाटेल. २००४मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात तीन प्रकारचे अर्ज ठरले: लक्षणांवरून आरोग्यसेवक-सेविकांनी भरायचा ‘एस’, वैद्यकीय अधिकाऱ्याने भरायचा ‘पी’ आणि प्रयोगशाळेचा ‘एल’. उपकेंद्रातून तालुका, तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य. पाटलाच्या वहीची वाट आजही तीच आहे. आता ती संगणकावरून जाते आणि एकाऐवजी तीन साक्षीदारांची साक्ष नोंदवते.

२५/ आणि मूळ प्रश्नही तोच आहे. या आठवड्यात शिरोळ, गगनबावडा वा चंदगडमध्ये तापाचे रुग्ण ‘नेहमीपेक्षा’ अधिक आहेत का? हे सांगण्यासाठी नेहमीचे किती हे आधी माहीत हवे, म्हणजेच साथ नसलेल्या कंटाळवाण्या आठवड्यांतही कोणीतरी इमानाने आकडा भरलेला हवा. साथीचा माग साथीच्या दिवसांत सुरू होत नाही. तो आधीच्या अनेक वर्षांच्या नीरस नोंदींवर उभा असतो. १९१८च्या वजाबाकीचा हा धडा आजही लागू आहे.

२६/ मित्रहो, संस्थानी कागदपत्रे दफ्तरखान्यांत आहेत, पण मानमोडीच्या खुणा घराघरांतही असू शकतात. घरची वंशावळ काढून पाहा. शके १८४० म्हणजे १९१८-१९. त्या वर्षाच्या आश्विन-कार्तिकात एकाच घरातील दोन-तीन तरुण माणसांची श्राद्धतिथी जवळजवळ पडते का? लहान वयात पोरक्या झालेल्या, मामाकडे वा आत्याकडे वाढलेल्या पणजोबा-पणजींची गोष्ट घरात सांगितली जाते का?

२७/ अशी गोष्ट असेल तर घरातील ज्येष्ठांना विचारा आणि तिथी, गाव, नाते यांसह उतरवून ठेवा. ज्या माणसांना १९१८च्या तक्त्यात ओळ मिळाली नाही, त्यांची नोंद आता त्यांच्या पणतवंडांनीच करायची आहे.

धागा समाप्त.